मुलगा येईपर्यंत

जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) नव्याने करायला घेणाऱ्याने त्यातल्या टीव्हीवरच्या बातम्या आधी नीट ऐकाव्यात. शेतघरात कोंडली गेलेली माणसं पडद्यासमोर बसली आहेत आणि निवेदक सांगतो आहे, की नुकतीच मेलेली, अजून पुरली न गेलेली माणसं उठताहेत. अंत्यविधीत वेळ घालवू नका, प्रेत घराबाहेर काढा आणि लगेच जाळा. पेनसिल्व्हेनियातल्या कुटुंबाला हा हुकूम अमानुष वाटतो. खेड-शिवापूर ओलांडून साताऱ्याकडे निघालं की लागणाऱ्या वरवे बुद्रुकमध्ये मात्र बहुतेक घरांत तीच रीत आहे.

पटकथा लिहिणाऱ्यापुढची खरी अडचण इथे सुरू होते. ज्या गावात माणूस गेल्यावर काही तासांत चिता पेटते, तिथे प्रेतं उठणार कधी?

आपल्याकडच्या झोंबीपटांनी हा प्रश्न वळसा घालून सोडवला. राज आणि डीके यांच्या ‘गो गोवा गॉन’मध्ये (२०१३) बेटावरच्या पार्टीतल्या नव्या ड्रगमुळे माणसं झोंबी होतात. आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी आला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या त्या सिनेमात डोंबिवलीतली पाणीटंचाई, टोलेजंग सोसायटी आणि शेजारची झोपडपट्टी यांतून गोष्ट उभी राहते. झोंबीला पक्का मराठी पत्ता मिळाला तो इथे, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ही लागण जिवंत माणसांची आहे. आपल्याच घरातलं प्रेत उठून बसणं, ही रोमेरोची मूळ भीती दोन्हीकडे बाजूला राहते.

ती भीती वरव्यात आणायची तर एक जागा आहे. म्हातारा पहाटे गेला, मुलगा परदेशात आहे, विमान मिळायला दीड दिवस लागणार. भाड्याची शीत शवपेटी ओसरीत येते, वायर लांबवून प्लग लावला जातो, आणि भावकी थांबते. मुलगा येईपर्यंत थांबायचं, हे गावात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. अशा वेळी टीव्हीवर सूचना आली, की थांबू नका, आत्ता जाळा, तर तिरडी उचला म्हणायची हिंमत कोण करेल? आई? धाकटा भाऊ? की ज्याला घरात फारसं कुणी विचारत नाही तो जावई? भांडण इथे पेटतं, आणि प्रेत उठण्याआधी अर्धा तास तरी प्रेक्षक त्या भांडणात अडकलेला हवा. रोमेरोनेही तेच केलं. तळघरात लपायचं की तळमजल्यावर दारंखिडक्या ठोकून बसायचं, यावरून त्याची माणसं एकमेकांवर उठतात. बाहेरचे मुडदे संथ आहेत. वेळ खातात ती आतली माणसं.

मूळ सिनेमा सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. पाडायला काढलेलं एक शेतघर, कृष्णधवल फिल्म, रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या नावाखाली कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, म्हणून अमेरिकेत तो सिनेमा सर्वांसाठी खुला झाला. १९९० मध्ये टॉम सॅव्हिनीने तो नव्याने, रंगीत केला, तेव्हा पटकथा खुद्द रोमेरोची होती. १९६८ मध्ये सोफ्यावर गोठून बसलेली बार्बरा इथे बंदूक हाती घेते आणि जगते. हा बदल मला मनापासून पटतो. झॅक स्नायडरने २००४ मध्ये ‘डॉन ऑफ द डेड’ नव्याने केला तेव्हा मुडदे धावू लागले. धडकी भरते खरी, पण मॉलमध्ये सवयीने घुटमळणाऱ्या मुडद्यांतून रोमेरोने १९७८ मध्ये जे दाखवलं होतं, ते त्या वेगात निसटलं.

शेवट मात्र १९६८ चाच हवा. रात्रभर झुंजून वाचलेला बेन हा कृष्णवर्णीय तरुण सकाळी खिडकीशी येतो, आणि मुडदे टिपत निघालेली बंदूकधारी टोळी त्यालाच गोळी घालते. ड्युएन जोन्सने केलेली ही बेनची भूमिका कृष्णवर्णीय नट मनात धरून लिहिलेली नव्हती. पण तयार सिनेमा घेऊन रोमेरो न्यूयॉर्कला निघाला असताना गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली, आणि त्या शेवटाचा अर्थ कायमचा बदलला.

महाराष्ट्रात या शेवटासाठी कल्पना लढवावी लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. अफवा मोबाइलवरून पसरली होती. चोरांच्या अफवा उठल्या की रात्री काठ्या घेऊन गस्त घालणारी पोरं कुठल्याही गावात असतात, आणि त्यांना आपण गाव राखतो आहोत याची पुरेपूर खात्री असते.

म्हणून वरव्यातला बेन गावचा नसावा. महामार्गावर ट्रक बंद पडल्याने आसऱ्याला आलेला, बाहेरच्या बोलीचा ड्रायव्हर असावा. शवपेटीची वीज जाते तेव्हा तोच म्हाताऱ्याला आवरतो, पोरांना माळ्यावर चढवतो. सकाळी गस्तीवाले येतात तेव्हा तो हाका मारतो; त्याचं बोलणं त्यांना कळत नाही. घरातल्या कुणीतरी बाहेर येऊन हा आपला माणूस आहे असं वेळेत म्हणायला हवं, आणि ते कोण म्हणत नाही, का म्हणत नाही, यावर पटकथेचे शेवटचे दोन प्रवेश लिहायचे आहेत.