भोवरा किती हवा?

टू-स्ट्रोक डिझेल इंजिन स्वतः हवा ओढत नाही. त्याला ती पुरवावी लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनची एक पूर्ण धाव जळलेला वायू बाहेर काढण्यात आणि एक ताजी हवा ओढून घेण्यात जाते. टू-स्ट्रोकमध्ये या दोन धावांना जागाच ठेवलेली नाही. पिस्टन तळाशी पोचता पोचता जुना वायू निघून गेला पाहिजे, नवी हवा भरली पाहिजे, आणि पिस्टन वर वळला की लगेच ती दाबायला घ्यायची. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ मालगाडी इंजिनात पूर्ण वेगाला मिनिटाला ९०४ फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला ६६ मिलिसेकंद. त्यातला साधारण पाव फेरा हवेची छिद्रे उघडी असतात. सोळा-सतरा मिलिसेकंदांत साडेअकरा लिटरचे सिलिंडर झाडून, भरून तयार ठेवायचे. या विषयातली बहुतेक भांडणे त्या सोळा-सतरा मिलिसेकंदांवरून चालतात.

टू-स्ट्रोक म्हटले की मराठी वाचकापुढे आकुर्डीची जुनी स्कूटर नाहीतर रिक्षा उभी राहते, आणि तिच्यामागचा निळा धूर. तो धूर डिझेलच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पेट्रोलच्या टू-स्ट्रोकमध्ये हवा, पेट्रोल आणि वंगण यांचे मिश्रणच सिलिंडर झाडण्याचे काम करते. त्यातले काही न जळताच बाहेर निसटते. डिझेलमध्ये झाडणी निव्वळ हवेने होते. छिद्रे आणि झडपा बंद झाल्यावर, हवा दाबली जाऊन तापल्यावर, मगच इंधनाचा फवारा येतो. निसटलीच तर हवा निसटते. दुसरा गैरसमज ताकदीचा: दर फेऱ्याला स्फोट, म्हणून दुप्पट शक्ती. धावेचा खालचा भाग छिद्रांपायी वाया जातो आणि हवा ढकलायला शक्ती खर्च होते, त्यामुळे दुप्पट कधीच मिळत नाही. या दोन गोष्टी अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही दरवर्षी नव्याने सांगाव्या लागतात, हे या क्षेत्राचे प्राक्तन दिसते.

भारतात ही इंजिने ठळकपणे आली ती रेल्वेबरोबर. जनरल मोटर्सच्या रेल्वे-इंजिन विभागाची २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-४ इंजिने १९६०च्या दशकाच्या आरंभी आयात झाली. त्यांच्यातले इंजिन ५६७ मालिकेतले होते. हा आकडा एका सिलिंडरचे घनफळ घन इंचांत सांगतो. मात्र वाराणसीच्या कारखान्यात बांधायला निवड झाली ती अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची, आणि १९६४ पासून पुढची तीन-साडेतीन दशके रेल्वेचे डिझेल म्हणजे अल्को हेच समीकरण राहिले. टू-स्ट्रोक परतले ते १९९९ मध्ये, डब्ल्यूडीजी-४ च्या रूपाने: ७१० मालिकेची सोळा सिलिंडरे, ४,००० अश्वशक्ती. २००२ पासून ते वाराणसीतच बनू लागले. पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये ही इंजिने सांभाळली गेली. अल्कोवर हात बसलेल्या कारागिरांना इथे हवेचा मार्ग सर्वस्वी वेगळा सापडला.

हवेचा हिशेब ठिकाणापासून सुरू होतो. उदाहरणार्थ, जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम पडल्याने ओळखला जाणारा शिरपामाळ याच पठारावर. जव्हार-मोखाड्यात गिरण्या आणि पंप फिरवायला एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक डिझेल इंजिने वापरली गेली. टू-स्ट्रोक डिझेलचे ते क्षेत्र नव्हे. पण हवा दोघांनाही तीच. इंजिनाची शक्ती ठरवण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण स्थिती १०० किलोपास्कल दाब, २५ अंश सेल्सिअस आणि ३० टक्के आर्द्रता अशी आहे. शिरपामाळावर जुलैत हवा २७ अंशांची आणि वाफेने भरलेली असते. उंचीमुळे घटलेला दाब आणि वाफेने अडवलेली जागा वजा केली, तर तेवढ्याच घनफळात ऑक्सिजन ७-८ टक्क्यांनी कमी भरतो. मे महिन्यात पारा ३८ वर गेला की हीच तूट ९-१० टक्क्यांवर जाते. पावसाळी दमट हवेत इंजिन गुदमरते अशी सर्वसाधारण समजूत आहे. आकड्यांप्रमाणे उन्हाळाच त्याला जास्त जड जातो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाला ही तूट सोसावी लागते आणि नेहमीइतकेच डिझेल दिले, तर ते काळा धूर ओकते.

टू-स्ट्रोकला हवा ढकलण्याचा जुना उपाय म्हणजे रूट्स ब्लोअर, एकमेकांत गुंतून फिरणारे दोन पात्यांचे दंड. जनरल मोटर्सने १९३८ मध्ये काढलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेत तो होता. ब्लोअर दर फेऱ्याला ठरावीक घनफळ ढकलतो. हवा विरळ झाली तर घनफळ तेच, वस्तुमान कमी. शिरपामाळची तूट तो भरून काढत नाही. टर्बोचार्जर बऱ्याच अंशी भरून काढतो, पण टू-स्ट्रोकमध्ये त्याची एक पंचाईत असते: इंजिन सुरू होताना बाहेर पडणारा वायू नसतो, वायूवाचून टर्बो फिरत नाही, आणि टर्बो फिरल्यावाचून इंजिनाला हवा नाही. ७१० मध्ये यावर सुरेख तोड आहे. टर्बो क्रँकशाफ्टला गिअरने जोडलेला असतो, आणि वरच्या नॉचवर, म्हणजे थ्रॉटलच्या वरच्या पायरीवर, बाहेर पडणाऱ्या वायूची ताकद पुरेशी झाली की एक क्लच त्याला गिअरपासून मोकळा करतो. खालच्या नॉचवर तो ब्लोअरसारखा वागतो, वर टर्बोसारखा.

दाबलेली हवा तापते. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, तर सर्वसाधारण कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती १३० अंशांच्या आसपास बाहेर पडते. आफ्टरकूलरने तिला ८० अंशांवर आणले, तर तेवढ्याच जागेत सुमारे १४ टक्के जास्त हवा मावते. हवा सुधारण्याच्या सगळ्या उपायांत इतका भरवशाचा उपाय दुसरा नाही, पण त्यावर कोणी भांडत नाही आणि म्हणून त्याबद्दल लिहिलेही कमी जाते.

थंड झालेली हवा एअरबॉक्समध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या बंद पोकळीत, साठते. तिथून लायनरच्या कमरेला गोल ओवलेल्या छिद्रांतून ती आत शिरते. जळका वायू डोक्यावरच्या चार झडपांतून निघतो. हवा खालून वर, एकाच दिशेने; या रचनेला युनिफ्लो म्हणतात. हवेची आणि धुराची दोन्ही छिद्रे लायनरमध्येच ठेवून हवेला वर जाऊन वळून परत येऊ द्यायचे, ही लूप पद्धत. १९२०च्या दशकात अॅडॉल्फ श्नुर्ले याने तिला नेमके रूप दिले. तिच्यात झडपा लागत नाहीत, खर्च कमी. पण लांब धावेच्या सिलिंडरमध्ये वळसा अर्ध्यातच मोडतो. सुल्झरने जहाजांच्या इंजिनांत झडपांविना बरीच दशके काढली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी आरटीए मालिकेत युनिफ्लो स्वीकारले. प्रतिस्पर्धी बी अँड डब्ल्यू कंपनीवाले आधीपासून युनिफ्लोचेच होते. मोठ्या इंजिनांपुरता तो वाद तिथे मिटला.

झाडणी किती चांगली झाली हे मोजायला दोन टोके धरतात. एका टोकाला ताजी हवा जुन्या वायूला न मिसळता पुढे रेटते. सिलिंडरच्या घनफळाइतकी हवा दिली की काम पूर्ण. दुसऱ्या टोकाला शिरलेली हवा लगेच मिसळून जाते. गढूळ पाण्याने भरलेल्या कळशीत वरून स्वच्छ पाणी ओतत राहिले तर काठावरून सांडते ते मिश्रण, गढूळपणा कमी होत जातो पण संपत नाही. या दुसऱ्या टोकाला घनफळाइतकी हवा दिल्यावर सिलिंडर ६३ टक्केच ताजे होते, १.४ पट दिली तरी ७५ टक्के. प्रत्यक्ष इंजिन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि कुठे असावे हे ठरवण्यात छिद्रांच्या तिरकेपणाचा मोठा वाटा आहे. इथून खरा वाद सुरू होतो. दिवाळी अंकात सूत्रे नकोत असा संपादकांचा दंडक असतो. तो पाळूनही पुढचा भाग थोडा किचकट होणार.

छिद्रे सरळ केंद्राकडे न वळवता तिरकी कापली की हवा सिलिंडरमध्ये गोल फिरत वर चढते. हा भोवरा. हवेचे फेरे भागिले इंजिनाचे फेरे, हे त्याचे माप. बेताचा भोवरा झाडणीला मदतच करतो: फिरता स्तंभ स्थिर राहतो, खालची हवा वरच्या वायूत विस्कटून मिसळत नाही. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की जितका भोवरा जास्त तितके इंजिन चांगले. तो चुकीचा आहे. ताजी हवा थंड, म्हणून जड. जोराच्या फिरण्यात ती भिंतीकडे फेकली जाते. तापलेला जळका वायू हलका. तो मध्यावर, अक्षालगत, कोंडून राहतो. भोवरा फारच वाढवला तर गाभ्यातला प्रवाह मंदावतो, कधी उलटाही फिरतो. भिंतीलगतची ताजी हवा वर चढून झडपांतून निसटते आणि जुना वायू मध्ये तसाच उरतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात पारदर्शक नमुना-सिलिंडरमध्ये लेसरने हे प्रवाह मोजले गेले. गाभ्याचे रूप पिस्टन छिद्रे किती झाकतो यावरही बदलते असे त्यात दिसले. म्हणजे भोवऱ्याचे एकच माप सांगणे हीच मुळात सोय आहे, वस्तुस्थिती नाही. जहाजांच्या इंजिनांत छिद्रांचा तिरकेपणा २० अंशांच्या आसपास ठेवतात, तो यातल्या तडजोडीतूनच.

भोवऱ्याचे दुसरे काम इंधनाशी आहे. फवारणीची सहा छिद्रे असतील तर दोन धारांत ६० अंशांचे अंतर. फवारणी चालू असताना हवा तेवढी फिरली की प्रत्येक धारेला नवी हवा मिळते. त्याहून जास्त फिरली तर एका धारेचा जळलेला वायू दुसऱ्या धारेच्या अंगावर जातो आणि काजळी वाढते. पिस्टनच्या माथ्यावर वाटी असेल तर हिशेब आणखी बदलतो: हवा अर्ध्या व्यासात कोंबली की घर्षण सोडल्यास तिचा फिरण्याचा वेग चौपटीकडे जातो. जहाजाच्या इंजिनात झडप मध्यावर असल्यामुळे फवारे कडेला बसतात, आणि भोवऱ्यावाचून इंधन पसरतच नाही. ७१० मध्ये फवारा मध्यावर, त्यामुळे भोवऱ्यावरची भिस्त कमी. एका इंजिनात फायद्याचा ठरलेला कोन दुसऱ्यात तसाच उचलणे यासाठी धोक्याचे.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत भोवऱ्याचे प्रयोग बहुधा किर्लोस्करच्या टीव्ही-१ वर होतात: एक सिलिंडर, ६६१ घन सेंटिमीटर, ५.२ किलोवॅट, १,५०० फेरे, फोर-स्ट्रोक. इंजिन उत्तम आणि मापे सोपी. पिस्टनच्या माथ्यावर खाचा पाडायच्या, भोवरा वाढला असे गृहीत धरायचे, कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी सुधारली असे लिहायचे, असे प्रबंध ढिगाने निघतात. बऱ्याच वेळा ती सुधारणा इंधन मोजण्यातल्या चुकीच्या मर्यादेतच बसते, आणि प्रत्यक्ष भोवरा कोणी मोजलेलाच नसतो. शिवाय खाचेने वाटीचे घनफळ वाढते, दाबगुणोत्तर घटते; फरक कशामुळे पडला ते वेगळे काढता येत नाही. स्थिर प्रवाहाच्या बाकावर पंखा लावून भोवरा मोजणारेही पूर्ण सुटत नाहीत. तिथली हवा सतत वाहते. इंजिनातली काही मिलिसेकंदांत. दोन्हींचे उत्तर किती जुळावे याबद्दल तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

बाजारात मिळणाऱ्या हवा घुमवणाऱ्या चकत्यांबद्दल मात्र एकमत आहे. हवेच्या नळीत पाकळ्यांची चकती बसवा, भोवरा तयार होईल, डिझेल वाचेल, असा दावा असतो. टू-स्ट्रोकमध्ये त्या चकतीपुढे कॉम्प्रेसर आहे, कूलर आहे, एअरबॉक्स आहे. नळीतला भोवरा कॉम्प्रेसरच्या पात्यांपलीकडे टिकत नाही. उरतो तो फक्त अडथळा.

हवा खरोखर सुधारते ती देखभालीत. छिद्रांच्या कडांवर वंगणाची काजळी बसली की वाट अरुंद होते, आणि ती सगळीकडे सारखी बसत नसल्याने भोवरा एका बाजूला झुकतो. एअरबॉक्सची झाकणे उघडून छिद्रे तपासणे, तेलाचा निचरा मोकळा ठेवणे, गाळण्या वेळेवर बदलणे, कूलरच्या नळ्या धुणे या कामांना प्रतिष्ठा नाही, पण कोणत्याही खाचेपेक्षा त्यांनी इंजिन जास्त सुधारते. जहाजांवर हेच काम टाळले तर एअरबॉक्ससारख्या पोकळीत साचलेले तेल पेट घेते. जहाजाच्या इंजिनीअरांना स्कॅव्हेंज फायर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि डिझेलचे राज्य आटोपत आले. जनरल मोटर्सच्या त्या जुन्या विभागाच्या वारसदारांनीही अमेरिकेतले प्रदूषणाचे कडक नियम गाठण्यासाठी २०१५ मध्ये फोर-स्ट्रोक इंजिन पुढे आणले. टू-स्ट्रोकची झाडणीच सदोष होती असा त्याचा अर्थ लावला जातो. पण नियम मुख्यतः नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे होते, आणि भोवरा वाढवून ज्वलन सुधारावे तर तापमान वाढून तीच वाढतात. मोठ्या मालवाहू जहाजांत टू-स्ट्रोकला अजून पर्याय नाही. २००६ च्या एमा मेर्स्क जहाजाचे चौदा सिलिंडरांचे इंजिन ९६० मिलिमीटर व्यासाचे, २,५०० मिलिमीटर धावेचे, ८० मेगावॅटचे. इंधनातली निम्मी ऊर्जा ते कामाला लावते. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तिथे येतील त्या मोठ्या कंटेनर जहाजांच्या पोटात हीच जात असेल. अशा इंजिनांत ऑक्साइड कमी करायला धुराचा काही भाग थंड करून पुन्हा हवेत मिसळतात. त्याने आत जाणारा ऑक्सिजन घटतो, ज्वलन मंदावते, आणि २० अंशांचा कोन पुरेसा आहे की नाही हे प्रत्येक आकाराच्या सिलिंडरसाठी नव्याने मोजावे लागते.