कुंडीतील चिंच

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघाले की इलेक्ट्रॉनिक सिटी आणि बोम्मसंद्रचे कारखाने मागे टाकून चंदापुऱ्याला उजवीकडे वळावे लागते. तो रस्ता आनेकलला जातो. एके काळी या तालुक्याची ओळख नाचणीची शेते आणि बांधावरची चिंच, फणस व करंज यांवरून पटे; आज ती जिगणी, बोम्मसंद्र व अत्तिबेले येथील औद्योगिक वसाहतींवरून पटते. जमीन तांबडी, खडेमिश्रित. मधून मधून ग्रॅनाइटच्या पाठी उघड्या पडलेल्या. अशा जमिनीत पाणी साचत नाही, आणि कुंडीतल्या झाडाला पाण्याच्या खालोखाल कशाची गरज असेल तर ती निचऱ्याची.

या गावात एक निवृत्त शिक्षक राहतात. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असा त्यांच्या घराण्याचा व्यवहार कित्येक पिढ्यांचा. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मास्तरांचे पूर्वज त्या फौजेबरोबर आले की मागाहून कापडाच्या व्यापारासाठी, याविषयी घरातच दोन मते आहेत व दोन्ही सारख्याच हिरिरीने मांडली जातात. गाव त्यांना ‘मेष्ट्रु’ म्हणते. त्यांच्या गच्चीवर तीस-पस्तीस कुंड्या आहेत आणि त्या जवळजवळ सर्व फळझाडांच्या आहेत : डाळिंब, पेरू, चिकू, बोर, करवंद, कागदी लिंबू, उंबर आणि चिंच.

‘बोन्साय’ या शब्दातील ‘बोन’ म्हणजे उथळ भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावणी. ही कला चीनमधून जपानात गेली. तांग राजपुत्र झांगह्वाय याच्या इ. स. ७०६ मधील कबरीच्या भिंतींवर सेवक तबकात इवली झाडे घेऊन चाललेले दाखविले आहेत. आपल्याकडे तिला ‘वामनवृक्षकला’ म्हणतात आणि तिचे मूळ प्राचीन वैद्यांच्या आश्रमांत शोधण्याचा उत्साहही अधूनमधून दिसतो. त्या उत्साहाच्या मानाने पुरावा तोकडा आहे. नाव मात्र ज्याने योजले, त्याच्या हातून नकळत नेमकी गोष्ट घडली. वामन काही खुजेपणासाठी पुराणात आलेला नाही. बुटकेपणा हे त्याचे सोंग आहे. पाऊल उचलले की खरे माप कळते.

फळझाडांच्या बाबतीत हे माप फळात कळते. मुळे आवळली, शेंडे खुडले, पाने काढून टाकली, की पुढची पाने लहान येतात. काही वर्षांत ती झाडाच्या उंचीला शोभण्याइतकी बारीक होतात. फुलाला आणि फळाला मात्र हा नियम लागू नाही. दीड वीत उंचीच्या पेरूवर धरलेले फळ बाजारातल्या फळाएवढेच असते. म्हणून जाणकार मुळातच लहान फळाची जात निवडतात आणि धरलेल्या फळांपैकी बहुतेक काढून टाकतात. नाही तर ती झाडाला शोषून घेतात. मास्तर फांदीवर एकच फळ ठेवतात. पाहुणे हसतात. ते फळ त्या झाडावर बेढब दिसते, हे मास्तरांनाही मान्य आहे.

जुने झाड मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गुटी कलमाचा. बीपासून वाढविलेले झाड फळावर येण्यास वर्षे घेते. परंतु फळत्या झाडाच्या फांदीची साल काढून, तेथे ओले शेवाळ बांधून मुळे फोडली, तर फांदीचे वय तिच्याबरोबर येते. मास्तरांचे डाळिंब असेच आजोळच्या परसातून आले. वय झाले की डाळिंबाचे खोड पिळलेल्या कापडासारखे वळते; अशा खोडाला जपानी लोक ‘नेजीकान’ म्हणतात आणि त्याची मोठी किंमत करतात.

दुसरा मार्ग म्हणजे रानातले जुने खोडच उचलून आणणे. बांधावरची चिंच शेळ्या खातात, सरपणासाठी कोयता लागतो, गवत जाळताना ती भाजते, आणि तरीही फुटते. तीस-चाळीस वर्षांनी ती कमरेएवढीच राहते. बुंधा मात्र मांडीएवढा होतो. हे रूप कोणत्याही माळ्याने घडविलेले नसते. दुष्काळ, शेळी आणि कोयता यांनी ते घडविलेले असते आणि संग्राहक आयते उचलतो. या कलेवरील पुस्तके एवढ्या गोष्टीकडे काणाडोळा करतात. उचललेली झाडे बहुतेक मरतात, हेही त्यांत लहान टायपात असते.

मास्तरांचा एक नियम होता : जेथे झाडाला उद्या नाही, तेथूनच ते घ्यायचे. तो त्यांनी एकदा मोडला. गावाबाहेरच्या माळावर, खडकाच्या फटीत, एक कवठ होते. तेथे ना रस्ता येणार होता ना इमारत. कोणी त्याला हातही लावीत नव्हते. पण खोडाचा बाक असा होता, की मास्तर दोन वर्षे केवळ ते पाहण्यासाठी तिकडे जात. तिसऱ्या वर्षी पहार घेऊन गेले. कवठ तीन महिन्यांत वाळले. त्याची कुंडी अजून ओळीतच आहे, वाळल्या खोडासकट. “बंबात तरी घाला ते,” असे पत्नी म्हणतात. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

जपानी नो नाटकांत ‘हाची नो की’ नावाचे एक नाटक आहे. दारिद्र्यात पडलेला एक सामुराई हिमवादळात दारी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली जपून ठेवलेली तीन कुंडीतील झाडे, आलुबुखाऱ्याच्या जातीचे उमे, चेरी आणि पाइन, चुलीत घालतो. भिक्षू हा वस्तुतः वेषांतर केलेला होजो तोकियोरी असतो. पुढे तो त्या सामुराईला तीन जहागिऱ्या देतो, ज्यांच्या नावांत तीच तीन झाडे आहेत. त्याने पाहुण्यासाठी जिवंत झाडे जाळली. आनेकलच्या मास्तरांना मेलेले एक जाळवत नाही.

चिंचेची हकीकत यानंतरची. वडिलोपार्जित शेताचे तीन वाटे होते. दोघा भावांनी विकायचे ठरविल्यावर तिसऱ्याचा अडेलतट्टूपणा फार दिवस टिकण्यासारखा नव्हता. खरेदीखत पौषात झाले आणि घेणाऱ्याने उगादीपर्यंत मुदत दिली. बांधावर वर सांगितले तशीच एक चिंच होती. तिच्या जुन्या सालीवर मास्तरांच्या वडिलांनी बैल बांधण्याच्या दोराने पाडलेली खाच होती.

असे झाड रीतीने काढायचे तर दोन हंगाम लागतात. पहिल्या वर्षी अर्ध्या वर्तुळात चर खणून तेवढीच मुळे तोडायची, चरात वाळू व कुजलेला पाला भरायचा; तेथे तंतुमुळे फुटली की दुसऱ्या वर्षी उरलेला अर्धा भाग; आणि मगच सोटमूळ तोडून गड्डा उचलायचा. हाती अडीच महिने होते. बंगळूरच्या उत्तरेस, देवनहळ्ळीजवळच्या नल्लूर येथील चिंचेच्या बनाला २००७ मध्ये देशातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून संरक्षण मिळाले. बांधावरच्या एकट्या चिंचेसाठी कायद्यात कोठे जागा नाही. फाल्गुनात मास्तरांनी आणि शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने मिळून ती एका दिवसात काढली. सोटमूळ करवतीने कापावे लागले. गड्डा ओल्या गोणपाटात बांधून आणला आणि कुंडीत नव्हे, तर लाकडी खोक्यात, विटांचा चुरा व जाड वाळू घालून सावलीत बसविला.

शेतकरी दर आठवड्याला येऊन एकच प्रश्न विचारी, “मेष्ट्रे, ई मर बदुकुत्ता?” कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड आणि ‘बदुकु’ म्हणजे जगणे : हे झाड जगेल का, एवढाच अर्थ. पण मास्तरांच्या घरातला कान मराठी. त्या कानाला प्रश्नाच्या आरंभीच एक शाप ऐकू येतो आणि लगेच त्याच्या पाठोपाठ जगण्याची चौकशी. उभा जन्म दोन्ही भाषांत गेलेल्या माणसाला हा योगायोग यापूर्वी कधी जाणवला नव्हता. भाषा शिकताना आपण शब्दांच्या सारखेपणाला फसू नये म्हणून मुलांना बजावतो. मास्तरांनीही वर्गात ते बजावले होते. त्या वर्षी मात्र प्रश्न आला, की ते उत्तर देण्याऐवजी खोक्याकडे पाहत.

ज्येष्ठात चिंचेला पालवी फुटली. घरात पेढे आले. ती घाई झाली. खोडात साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते, मुळे नसताना फुटते, आणि साठा संपला की जळते. आषाढाअखेर सर्व डहाळ्या काळ्या पडल्या. पुढे आठ महिने काहीच नाही. पत्नीने खोके कवठाच्या शेजारी सरकविले. त्यात टोमणा होता की व्यवस्थितपणा, हे सांगता येत नाही. पुढच्या चैत्रात एके सकाळी शेतकऱ्याने, न विचारता, बुंध्याजवळची साल नखाने खरवडली. आत ओलसर हिरवे होते. “बदुकितु,” तो म्हणाला, आणि कॉफी न घेताच गेला. जगले.

चिंच ही मुळात आपली नव्हे. तिचे घर आफ्रिका. इतक्या पूर्वी ती येथे आली, की अरबांनी तिला ‘तम्र हिंदी’, हिंदचा खजूर, असे नाव दिले आणि शास्त्रीय नावातही तेच राहिले. परदेशातून आलेल्या झाडाला जग या देशाच्या नावाने ओळखते, याचे मास्तरांना फार अप्रूप. आपल्या घराण्याच्या दोन मतांचा वाद निघाला, की ते हा दाखला देतात. तो त्या वादात नेमका कोणत्या बाजूचा, हे कोणाला कळत नाही.

प्रश्न पुढचा आहे. उथळ कुंडीतील झाड उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागते. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने १६२५ पासून कुंडीत वाढलेला पांढरा पाइन १९४५ च्या बाँबमधूनही जगविला, १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला, आणि त्या झाडाने काय पाहिले ते तेथे २००१ मध्ये कळले. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी घरी होते. मास्तरांचा मुलगा परगावी असतो आणि फोनवर झाडांची चौकशी आवर्जून करतो.

पाचव्या वर्षी चिंच फुलली. तांबड्या शिरांची पिवळट फुले, आणि त्यांतून तीन आकडे धरले. दोन कोवळे असतानाच काढून टाकले. उरलेला पूर्ण वाढला. झाड हातभर, आणि आकडा कुंडीच्या काठाखाली लोंबत होता, बांधावर लोंबे तेवढाच. माघात तो पिकला. पत्नीने त्याचे सार केले आणि शेतकऱ्याला जेवायला बोलाविले. त्याने आता जमीन विकली आहे. जेवण झाल्यावर त्याने चिंचोके मागून घेतले, धोतराच्या सोग्यात बांधले. कोठे लावणार, हे मास्तरांनी विचारले नाही.