वैकिकीची ‘माई ताई’

होनोलुलूस वैकिकीच्या किनाऱ्यावर एका फलकावरील ‘माई ताई’ हीं रोमन अक्षरें वाचून आम्हांस घरच्या वडील बायका आठवल्या. पण तें रमच्या एका पेयाचें नांव निघालें! तें या बेटांचें पुरातन पेय असावें, ही आमची समजूत यजमानीणबाईंनीं दूर केली. कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें व्हिक्टर बर्जरॉन या उपाहारगृहाच्या मालकानें १९४४ सालीं तें सिद्ध केलें. ताहितीच्या स्नेह्यांनीं चाखून ‘उत्तम’ म्हटलें, तेंच नांव झालें. हवाईंत तें १९५३ सालीं आलें. अननसाचा रस ही मागाहूनची भर.

रात्रीं बाईंनीं मूळ कृति करून दाखविली. जमेकाची जुनी रम २ औंस, नारिंगाच्या सालीचें क्युरासाओ मद्य अर्धा औंस, बदामाचें सरबत अर्धा औंस, खडीसाखरेचा पाक पाव औंस व एका लिंबाचा ताजा रस बर्फाच्या चुऱ्यांत घालून खूप हालवावा. वर पिळलेल्या लिंबाची वाटी व पुदिन्याची डहाळी, जणूं बेट आणि माड!

आम्हांस मद्य वर्ज्य. नकार कसा द्यावा, या विवंचनेंत आम्ही होतों. तोंच बाईंनीं दोन्ही मद्यें वगळून केलेला पेला आमच्या हातीं दिला. लिंबू, बदाम, खडीसाखर! परमुलखांत तो घोंट घरचा वाटला, आणि नांवांतील माई-ताईही आम्हांस भेटल्या.