इच्छा कोणाची मोकळी?

ख्रिस्ती लोकांमध्ये एक भांडण सोळाशे वर्षांपासून चालू आहे. देवानं माणसाला स्वतःची इच्छा दिली का? दिली असेल तर ती मोकळी आहे का? की सगळं देवानं आधीच ठरवून ठेवलंय आणि आपण नुसतं ‘मी निवडलं, मी निवडलं’ म्हणत फिरतो? आपल्यातले कितीतरी कार्यकर्ते म्हणतील, त्यांचं ते पाहतील बावा, आमाले काय करायचं? करायचं आहे. हे भांडण आपल्या विहाराच्या पायरीपर्यंत आलेलं आहे, आणि त्यात आपण कोणाच्या बाजूनं बोलून राहिलो हे आपल्यालाच उमगलेलं नाही.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा एक साधू होता, ब्रिटनकडचा. त्याचं म्हणणं आपल्याला लवकर पटेल. देवानं आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळायची ताकदही दिली असली पाहिजे. लंगड्याला पळ म्हणायचं आणि पळाला नाही म्हणून फटके मारायचे, हा कसला न्याय? माणूस चांगलं करू शकतो, वाईट करू शकतो, म्हणून तो जबाबदार. त्याच्या विरोधात उत्तर आफ्रिकेचा बिशप ऑगस्टीन उभा राहिला. तो म्हणाला, आदामानं पाप केलं तेव्हाच माणसाची इच्छा मोडली. इच्छा आहे, पण वाकडी. सुटली की पापाकडं वळते. देवाची कृपा झाली तर सरळ होते, आणि कृपा कोणावर करायची ते देवाच्या मनावर. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसचं मत पाखंड ठरवलं.

इथपर्यंत पोथीतली गोष्ट. पण याच ऑगस्टीनच्या मुलखात डोनाटस पंथाचे ख्रिस्ती होते. त्यांना बादशाही कायद्याच्या धाकानं मोठ्या चर्चमध्ये आणणं योग्यच आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. आधार काढला येशूनं सांगितलेल्या एका गोष्टीचा. त्यात मेजवानी देणारा मालक चाकराला म्हणतो की लोकांना भाग पाडून आत आण. मित्रहो, इथं जरा थांबा. तुझी इच्छा मोडकी आहे असं जो म्हणाला, त्यालाच तुझा दंड धरून ओढायचा हक्क मिळाला. ही खूण ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

हजार-अकराशे वर्षांनी जर्मनीत तोच खेळ. १५२४ साली इरॅस्मसनं मोकळ्या इच्छेच्या बाजूनं पुस्तक लिहिलं. १५२५ साली मार्टिन ल्यूथरनं उलटं लिहिलं: माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. वर देव बसला तर देवाच्या वाटेनं, सैतान बसला तर सैतानाच्या. त्याच १५२५ साली तिथले शेतकरी उठले होते. ख्रिस्तानं सगळ्यांना सारखंच सोडवलं, मग आम्ही जन्माचे वेठबिगार कसे, असं त्यांनी मागण्यांच्या कागदावर लिहिलं. ल्यूथरनं त्यांच्याविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं आणि सरदारांना कापाकापीची मोकळीक दिली. ख्रिस्ताचं स्वातंत्र्य आत्म्याचं आहे, अंगाचं नाही म्हणे. आपल्याला हे बोलणं ओळखीचं वाटतं का? देवळात सगळे सारखे, विहिरीवर नाही.

आपल्या भागात ही सगळी मतं पोथ्यांसकट आली. नागपूरला १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्यांच्या नावाच्या कॉलेजात आपली किती पोरं शिकली. या चर्चच्या नावात ‘फ्री’, पण शिकवण कॅल्विनची: कोण तरणार हे देवानं जग घडवायच्या आधीच निवडून ठेवलं. तरी बाजारात उभं राहून ‘या, निवड करा’ म्हणायचंच. चांद्याला स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल चर्चचं मिशन. खाली सिरोंचाला, म्हणजे १९८२ पर्यंत चांद्यातच असलेल्या मुलखात, अमेरिकन मेथडिस्ट. हे वेस्लीच्या वळणाचे: कृपा सगळ्यांसाठी, घ्यायची की नाकारायची ते तुझ्या हातात. बल्लारपूरकडं केरळचे सिरो-मलबार कॅथलिक. त्यांचं चांद्याचं कार्यक्षेत्र १९६२ साली आखलं गेलं. त्यांचं म्हणणं मधलं: कृपा आधी, पण माणसाचा होकारही लागतो. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि कॅल्विनवाले, बिशपवाले एका छपराखाली आले. त्यांच्या पोथ्यांमध्ये जी मारामारी होती, ती आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत मी कधी ऐकली नाही. तिथं पोराची फी आणि दुखणं यांच्यासाठीच प्रार्थना चालते, आपल्या घरांत चालते ती काळजी तीच.

पण एक प्रश्न सगळ्यांनी विचारला आणि तो फक्त आपल्याला विचारला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. मराठी साहित्य त्याला सत्याचा शोध म्हणतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात घेतला, आणि वर तिथल्या धर्मबहिणींना सुनावलं की एका पुरोहितवर्गाच्या जुवातून मान सोडवली ती दुसऱ्याच्या जुवात द्यायला नाही. मानलं पाहिजे त्या बाईला. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात जो महार, जो मादगी, जो गोंड मिशनच्या दारात गेला, तो काय झाला? तो ‘बाटला’. पोटासाठी बाटला. शिकलेल्याची इच्छा मोकळी आणि उपाशी माणसाची इच्छा विकलेली, हे कोणी ठरवलं? भाकर देणाऱ्याचा देव घेतला, हजार वर्षं भाकर न देणाऱ्याचा सोडला. मी म्हणतो, यात डोकं नाही का? यात निवड नाही का?

१९५४ साली त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशातच होता. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला. त्याचा सूर असा, की हे लोक धर्म बदलतात ते पटलं म्हणून नव्हे. लोभ, दबाव, फसवणूक, या वाटेनं. आणि आता गंमत पहा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांसोबत नागपूरला ज्यांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांच्यात हेच नियोगी होते. त्यांना कोणी विचारलं नाही, साहेब, तुम्हाला काय आमिष होतं? विचारायचं कारणही नव्हतं. विचारपूर्वक घेतलेली दीक्षा होती ती. माझं म्हणणं एवढंच, की तोच मान दगड फोडणाऱ्या बाईलाही द्या.

पुढं १९६८ साली मध्य प्रदेशानं कायदा केला. नाव ‘धर्मस्वातंत्र्य’, आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या मैदानावर असला कायदा असता तर? माझा आजा मूलकडच्या खेड्यातून पायी आला होता. तहसीलच्या कारकुनानं त्याला विचारलं असतं, तुला समजतं का तू काय करून राहिलास? आज्याला सही येत नव्हती. समजत सगळं होतं.

आता घरची गोष्ट. माझी भाची सव्वीस वर्षांची, नर्सिंग शिकलेली, खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करते. गेल्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. वस्तीत बोभाटा झाला. विहारात बैठक बसली. चार तरणे कार्यकर्ते, माझ्याच हाताखाली वाढलेले, म्हणाले, “काका, तुमचं मराठी चांगलं आहे, कलेक्टरसाठी अर्ज तुमीच लिहा. आमिष दाखवून धर्मांतर, असा विषय टाका.” आमिष! नियोगी समितीच्या भाषेतला शब्द आपल्या पोरांच्या तोंडात. मी अर्ज लिहिला नाही. आधी तिला विचारायला गेलो, कारण ज्या माणसाबद्दल अर्ज आहे त्याला विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

“मामा, बाटली म्हणायले आले का?”

“नाई. इचारायले आलो.”

“मंग बसा.”

खोलीत खिळ्याला कॅलेंडर होतं. हातात कंदील घेतलेला येशू झाडाझुडपांत, बंद दारावर थाप मारतो आहे. हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. होल्मन हंट नावाच्या इंग्रज चित्रकारानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काढलेलं, नंतर घरोघर छापून गेलं. भाची म्हणाली, “त्या दाराले बाहेरून कडी नाई, दिसलं का? आतूनच उघडते. आमच्या धर्मात मोकळी इच्छा म्हन्तेत ते हेच. तो दार फोडत नाई.”

मी म्हटलं, बरं. मग रोमकरांस पत्रातला नववा अध्याय काढ. कुंभार एकाच मातीचं एक भांडं मानाचं करतो, एक हीन कामाचं, आणि मातीनं कुंभाराला विचारायचं नाही असं लिहिलं आहे. हे तर पुरुषसूक्तच झालं. तिथं तोंडातून ब्राह्मण आणि पायातून शूद्र, इथं चाकावरून. आणि मिसरच्या राजाचं मन देवच कठीण करतो, मग त्यालाच शिक्षा करतो, ते कसं?

“मी हे पास्टरले इचारलं,” ती म्हणाली. “ते म्हन्ले, इचार नको करू, विश्वास ठेव. मी म्हन्लं, थे मले नाई जमनार. मी दीक्षाभूमीच्या आवारात खेळलेली पोट्टी आहो.”

मग तिनं जे दाखवलं ते कार्यकर्त्यांनी कान देऊन ऐकावं. सरकारी भरतीचा फॉर्म. धर्माच्या रकान्यात तिनं ख्रिश्चन लिहिलं होतं, आणि अनुसूचित जातीचा रकाना सोडला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात फक्त हिंदूंना. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली धर्माची अट काढा म्हटलं, ते कागदावरच राहिलं. म्हणजे धर्म बदलताना या पोरीनं दाखला गमावला, वय, फी, जागा, सगळ्या सवलती गमावल्या. लपवलं असतं तर चाललं असतं. पुष्कळ लपवतात, आणि पोटासाठी लपवणाऱ्याला मी दोष देत नाही. तिनं लिहून दिलं. “मामा, हे आमिष होय का?” राज्य एका धर्मात राहिलं तर जागा देतं, दुसऱ्यात गेलं तर काढून घेतं. आमिषावर कायदा करायचा तर आधी याच्यावर करा ना!

मला तिचं मत पटलेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहितो. बाबासाहेबांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मावर जे लिहिलं त्यातला एक मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो: मिशनरी अस्पृश्याला शिकवतो की तुझं पतन तुझ्या पापामुळं झालं, मग तो स्वतःलाच झाडत बसतो, भोवतालच्या समाजाकडं बोट दाखवत नाही. मूळ पापाच्या शिकवणीनं हेच होतं. ऑगस्टीनची मोडकी इच्छा आणि आपल्या कपाळी मारलेलं पूर्वकर्म, ही लांबची भावंडं आहेत. बुद्धानं अंगुत्तर निकायात तीन मतं बाजूला काढली. सगळं पूर्वीच्या कर्मानं होतं, सगळं ईश्वर घडवतो, सगळं विनाकारण होतं. तिन्हींत माणसाला हातपाय हलवायला कारणच उरत नाही. हे मी तिला सांगितलं. दीड तास वाद झाला. मध्ये तिनं भात टाकला, उकडलेलं अंडं आणि आंबाडीची चटणी. वाद करून जेवलो, जेवून परत वाद केला. मी तिला हरवू शकलो नाही, तिनं मला हलवलं नाही. धर्माबद्दल मोकळी इच्छा म्हणजे व्यवहारात एवढंच असतं, असं मला वाटतं: वाद घालायची मुभा, आणि वादानंतरही भात.

निघताना ती म्हणाली, “मामा, एक सांगा. तुमी धम्म निवडला का? आज्यानं निवडला. तुमाले तर आयता भेटला.”

ती चर्चमधल्या लोकांनाही हेच विचारते म्हणे. तिथंही तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी टाकतात. पोरगं मोठं झालं की दृढीकरणाच्या वेळी त्यानं स्वतः होकार द्यायचा, अशी सोय ठेवली आहे. आपल्याकडं काय सोय आहे? बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला केलं. एकवीस वर्षं आणि एक दिवस. एवढा वेळ त्यांनी स्वतःला दिला आणि लोकांनाही दिला. आणि मैदानावर माणसांचा समुद्र असताना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या एकवचनात. ‘आम्ही’ नाही, ‘मी’. मेंढरांसारखे गेले म्हणणाऱ्यांनी ते व्याकरण पाहिलं नाही. प्रत्येकानं आपल्या तोंडानं ‘मी’ म्हणायचं होतं. आज्या सांगायचा, बाजूच्या माणसाचा आवाज इतका मोठा होता की स्वतःचा ऐकू यावा म्हणून तो ओरडून बोलला.

घरी आलो तेव्हा पोरगा खाटेवर पडून मोबाईल पाहत होता. बैठकीतल्या चौघांपैकी एक तोच. म्हटलं, “बावीस प्रतिज्ञा येतात ना तुले?”

“येतात.”

“घेतल्या कधी?”

त्यानं मान वर केली नाही. “लहानपनी तुमीच म्हणवून घेतल्या ना, बाबा.”