डिकीचा टेकू

आमच्याकडे 2008 सालची मारुती ओम्नी आहे. राहायला आम्ही शहापुरात, आणि माझं माहेर मुरबाडच्या पलीकडे एका खेड्यात. किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने या गाडीने आजवर काय काय वाहिलं ते सांगायला बसले तर पान पुरायचं नाही. माहेरचे तांदूळ, आंब्याच्या पेट्या, नणंदेच्या बाळंतपणाचं सामान, गणपतीची आरास आणि एकदा तर सासूबाईंचं शिवणाचं मशीन!

ओम्नी 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली आणि 2019 साली बनायची बंद झाली. तेव्हापासून आमच्या ह्यांचं तिच्यावरचं प्रेम जरा जास्तच उतू जातं. 2023 साली तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ह्यांनी आर.टी.ओ.त खेटे घालून तिची पुन्हा नोंदणी करून आणली. दर रविवारी तिला आंघोळ असते. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलून तेलपाणी बघण्याचा सोहळाही चालतो. पण हे सगळं कौतुक पुढच्या भागाचं. मागची डिकी मात्र माझी आणि सासूबाईंची. सामान आम्हीच चढवायचं आणि आम्हीच उतरवायचं.

या डिकीचं झाकण म्हणजे गाडीचा अख्खा मागचा दरवाजाच. तो वर उघडला की बाजूचे काळे दांडे त्याला तोलून धरतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘डिकी शॉकर’ म्हणतात. वयोमानाप्रमाणे ते थकले. आधी झाकण अर्ध्यावर थांबायला लागलं, मग हळूहळू आपणहून खाली यायला लागलं. घरात उपाय निघाला तो कपडे वाळत घालायच्या काठीचा. झाकण उघडा, काठी लावा, सामान काढा. मी विषय काढला की उत्तर ठरलेलं, “काठी आहे ना? मग झालं तर!”

बायकांना टेकूची सवय असतेच म्हणा. कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, खिडकीला दगड, गॅसच्या शेगडीखाली लाकडाची चकती. काम भागतंय ना, मग पैसे कशाला घालवायचे, असं घरात सगळ्यांनाच वाटतं. टेकू लावून काम मात्र आपणच करत असतो.

जानेवारीत तांदूळ आणायला माहेरी गेलो होतो. पहाटेची थंडी, त्यात अंगण उताराचं. दादाने काठी लावली. दुसरी गोणी ठेवताना गाडी जराशी हलली, काठी निसटली आणि झाकण आईच्या हातावर आलं. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर! सत्तरीतल्या बाईला सहा आठवडे स्वतःची वेणीसुद्धा घालता येऊ नये, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं. आणि माझी झोप उडाली ती आणखी एका गोष्टीने. अर्ध्या मिनिटापूर्वी दादाची पाच वर्षांची मुलगी त्याच झाकणाखाली वाकून मांजराचं पिल्लू शोधत होती.

शहापूरला परतल्यावर मी स्वतःच गॅरेज गाठलं. “साहेब नाही आले?” हा प्रश्न झाला, पण मिस्त्री मोठा समजूतदार निघाला. त्याने सगळं नीट उलगडून सांगितलं. त्या दांड्याच्या नळीत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. झाकण लावताना बारीक दांडी आत जाते, वायूची जागा कमी होते, दाब वाढतो. झाकण उघडलं की तोच वायू दांडीला बाहेर ढकलतो आणि झाकणाचा भार उचलतो. आत थोडं तेलही असतं. त्याने दांडीच्या तोंडाशी असलेलं रबरी सील ओलं राहतं आणि झाकण शेवटी धाडकन न आपटता सावकाश थांबतं. वर्षानुवर्षं वापरून सील झिजतं, वायू निसटतो. थंडीत वायूचा दाब आणखी उतरतो, म्हणून हा आजार हिवाळ्याच्या पहाटे आधी दिसतो. दांडीवर तेलाचा ओघळ दिसला की समजावं, हिचे दिवस भरले.

“गॅस परत भरता येईल का हो?” मी विचारलं. त्याने कानाला हात लावला. हे दांडे उघडायचे नाहीत, कापायचे नाहीत, त्यांना वेल्डिंग करायचं नाही. वायू इतक्या दाबाखाली असतो की दांडा फुटून जीवावर बेतू शकतं. मोडीत देतानाही आत दाब असू शकतो हे भंगारवाल्याला सांगावं, आणि बंबात किंवा चुलीत तर चुकूनही टाकू नये.

नवी जोडी हजार रुपयांच्या आत आली. त्यापेक्षा आईच्या एक्स-रे आणि प्लास्टरलाच जास्त लागले होते! घेताना गाडीचं मॉडेल सांगावं आणि जुना दांडा ताडून पाहावा. त्यावर छापलेला ‘एन’चा आकडा म्हणजे जोर. दहा एन म्हणजे साधारण एक किलोचा भार. बदलताना जोडीनेच बदलावेत, नाहीतर नव्यावर सगळा भार येतो आणि झाकण तिरकं होतं.

बसवायला आम्ही घरीच बसलो. झाकण दोन्ही हातांनी धरून हे उभे, खाली जाड वासा, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात. एका वेळी एकच दांडा काढायचा. टोकाला कुठे क्लिप असते, कुठे नट-बोल्ट. झाकण बंद असताना बारीक दांडी खालच्या बाजूला येईल असा दांडा लावायचा, म्हणजे तेल सीलपाशी राहतं. त्या चकचकीत दांडीला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा पडला तरी तो सील कापतो. अर्ध्या तासात काम झालं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा झाकण असं झपकन वर गेलं की हे दचकून मागे सरले. तेव्हा मैत्रिणींनो, नवा शॉकर बसवला की तोंड जरा लांब ठेवा.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही पान उलटू नये. हल्ली घरोघरी आलेल्या हायड्रॉलिक पलंगाची फळी असेच दांडे उचलतात. स्वयंपाकघरात वर उघडणाऱ्या कपाटांनाही ते असतात. पलंगाच्या पोटात आपण गाद्या-रजया कोंबतो, आणि मुलं लपाछपी खेळताना तिथेच डोकं घालतात. महिन्यातून एकदा फळी पूर्ण उघडून हात खाली तयार ठेवा आणि हळूच सोडून पाहा. ती जागची हलली, एका अंगाला कलली, दांडीला तेल दिसलं, तर त्याच आठवड्यात सुताराला बोलवा. तोवर मुलांना तिथे फिरकू देऊ नका. आणि घरातून कोणी म्हणालंच, “काठी लाव ना!” तर काठी त्याच्या हातात द्या आणि सांगा, “तुम्हीच धरून उभे राहा, मी सामान काढते.”