सासूबाईंचे जोगुळ

फोंड्यात पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, मग संगणकाचे काय सांगावे! वीजही लपंडाव खेळते. आमच्या संगणकात सासूबाईंची कन्नड जोगुळपदे आणि आईच्या ओव्या आहेत. दोघीही आता नाहीत.

जाणकारांचा हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिली संगणकात. दुसरी हार्ड डिस्कवर, दर रविवारी; काम झाले की डिस्क काढून ठेवायची, नाहीतर विजेचा एकच झटका दोन्ही घेऊन जायचा. तिसरी ऑनलाइन. गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत मेल आणि १ जून २०२१ पासूनचे फोटोही मोजले जातात. म्हणून तिथे गाणी आणि कागदपत्रेच, लग्नाचे व्हिडिओ नकोत. आणि नुसते 'सिंक' म्हणजे बॅकअप नव्हे बरे का! इथे पुसले की तिथलेही जाते. कचरापेटीत काही दिवस राहील तेवढेच.

चौथी प्रत हा माझा हट्ट. ती डिस्क बेळगावला मेव्हण्यांकडे असते. दिवाळीला गेलो की नवी ठेवतो, जुनी आणतो, आणि एखादे पद लावून बघतो. गेल्या खेपेस एका ओळीतला अस्पष्ट शब्द मेव्हण्यांनी सांगितला. तो लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवला आहे.