तें, ती आणि तो

आमच्या गोव्यातल्या घरांची एक गंमत आहे. बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत. कोंकणीत घरातल्या मुलीला आपण सर्रास 'तें' म्हणतो. 'तें खंय गेलां?', 'तें जेवलें?' पोर कितीही मोठी झाली तरी घरच्यांसाठी ती नपुंसकलिंगीच राहते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. 'हांव वतां' म्हटलं तर बोलणारी बाई की बाप्या, हेसुद्धा कळत नाही. मराठीत ही सोय नाही. 'मी जाते' किंवा 'मी जातो'. तोंड उघडलं की ठरलंच.

माझ्या बहिणीचं धाकटं अपत्य कॉलेजसाठी पणजीला माझ्याकडे राहायला होतं. मोबाईलवर निरोप पाठवायचं ते मराठीतून. एक दिवस निरोप आला, 'मावशी, मी पोचलो.' दुसऱ्या दिवशीही 'लो'च. मी तीस वर्षं मराठी शिकवलं आहे. अक्षरचूक कुठली आणि निवड कुठली, ते मला कळतं. मी उत्तर धाडलं, 'बरं झालं पोचलास. जेवायला काय करू?' आमचं पहिलं बोलणं एवढंच. पुढचं सगळं सावकाश, महिनोन्महिने झालं. बहीण अजून 'तें' म्हणते. भाच्याला ते चालतं. 'ती' मात्र चालत नाही. (हे सगळं त्याला विचारून, नाव न घालता लिहिते आहे.)

पण आज मला व्याकरणाबद्दल लिहायचं नाही. छातीबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्याकडे त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

मुलीच्या शरीरात जन्मलेल्या पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या मुलांना वयात येताना छाती हा रोजचा छळ वाटू शकतो. सगळ्यांनाच वाटतो असं नाही, पण अनेकांना वाटतो. मग ती दाबून सपाट करायचे उपाय सुरू होतात. भाचा फार्मसीतून क्रेप बँडेज आणायचा, पाय मुरगळल्यावर आपण बांधतो ते. सकाळी सातला गुंडाळायचं ते रात्री झोपतानाच सोडायचं. मे महिन्यातला आपला घाम तुम्हांला ठाऊक आहे. काखेखाली पुरळ, पाठीवर वळ. अल्तिनोची चढण चढताना हा विशीतला मुलगा दोनदा थांबायचा आणि मी, साठीची बाई, पुढे जाऊन वाट बघायची.

क्रेप बँडेजचा गुणच असा की ते ताणून बांधलं की आवळून धरतं. लचकलेल्या घोट्याला तेच हवं असतं. पण घोटा श्वास घेत नाही, छाती घेते. हालचालीबरोबर पट्टी सरकते, गोळा होते आणि एकाच जागी काचते. फासळ्यांना फुलायला जागा उरत नाही. चिकटपट्टी लावणारेही असतात. त्यात कातडी सोलवटते ती वेगळीच.

मी त्याला 'काढ ते' म्हटलं नाही. आम्ही दोघं एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'किती तास बांधतोस?' 'का बांधतोस' असं विचारलं नाही. तिथेच तो मोकळा झाला. त्यांनी सांगितलेलं इथे उतरवते. यासाठी बाइंडर नावाची बंडीसारखी वस्तू मिळते, ती मापाची घ्यावी. जास्त सपाट दिसावं म्हणून एक माप लहान घेऊ नये. आठ तासांच्या वर घालू नये. झोपताना नाही, पळताना-खेळताना नाही. आठवड्यात काही दिवस पूर्ण सुट्टी. कातडी धुऊन कोरडी ठेवावी. दुखलं, बधिर झालं, दम लागला तर लगेच काढावं.

बाइंडर घेतला म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. अमेरिकी संशोधकांनी 2017 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. छाती बांधणाऱ्या 1,800 जणांना विचारलं होतं. त्यांतल्या 97 टक्क्यांहून अधिक जणांना काही ना काही त्रास झाला होता. निम्म्याहून जास्त जणांची पाठ दुखत होती. बाजारी बाइंडर वापरणारेही त्यातून सुटले नव्हते. आठवड्यातले किती दिवस बांधतो, याचा त्रासाशी सर्वांत ठळक संबंध दिसला. पण त्याच लोकांनी हेही सांगितलं की बांधल्यामुळे मनाची घालमेल कमी झाली, चारचौघांत वावरता आलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीच ऐकली तर आपण ओरडतो, आणि मूल खोलीचं दार लावून आणखी घट्ट बांधतं.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी 'भावबंधना'त लतिका रंगवली. पेडण्याच्या दशावतारात आजही पुरुष लुगडं नेसून, छाती उभारून उभा राहतो आणि त्याच्या तारामतीसाठी आपण रडतो. नाटक आणि आयुष्य एक नव्हे, हे मला कळतं. नट पहाटे रंग पुसून घरी जातो. माझ्या भाच्याचं उलटं आहे. त्याला रोज सकाळी जे सोंग घ्यावं लागत होतं, ते मुलीचं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने आपलं लिंग आपण ओळखण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा हा शाळेत होता आणि गणवेशाच्या फ्रॉकमध्ये खांदे पुढे ओढून चालत होता. वाकून चालतो म्हणून आम्ही त्याला कॅल्शियमच्या गोळ्या देत होतो.

एक गोष्ट राहिली. छाती नकोशी असली तरी ती आहे तोवर तिची काळजी घ्यावी लागते. शस्त्रक्रिया करून काढली तरी थोड्या पेशी मागे राहतात. धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. गाठ लागली, कातडी ओढली गेली, स्राव आला तर दाखवायलाच हवं. गोवा सरकारने 2021 साली स्तनांच्या तपासणीची मोहीम काढली, तिचं नाव 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा'. मोहीम चांगलीच. पण त्या फलकाखाली दाढी राखलेला मुलगा रांगेत कसा उभा राहील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याने जायला हवं, आणि त्याच्याबरोबर आपल्यातलं कुणीतरी जायला हवं.

तुमच्या घरात, शेजारात असं मूल असेल. भर उन्हात दोन-दोन शर्ट घालणारं, समुद्रावर गेलं तरी पाण्यात न उतरणारं. त्याला आधी एवढंच विचारा : किती तास बांधतोस, दुखतं का? नाव, लग्न, लोक काय म्हणतील, हे सगळं चवथीला माणसं जमतील तेव्हा बोलता येईल. श्वास आजचा आहे.